ओसाड भूखंड ते सावलीची बाग : नाशिकमधील रहिवासी गटांसाठी कामाची पद्धत

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव अशा नाशिकच्या कोणत्याही वाढत्या भागात फिरताना चार-सहा इमारतींच्या मध्ये एखादी मोकळी जागा हमखास दिसते. तिच्या एका कोपऱ्यात कोणाच्या तरी घरदुरुस्तीचा राडारोडा पडलेला असतो, पावसाळ्यानंतर कमरेएवढे गाजरगवत माजलेले असते, आणि उन्हाळ्यात तेच वाळून कोणीतरी काडी लावली की आसपासच्या खिडक्या दिवसभर बंद ठेवाव्या लागतात. या जागेची बाग करावी असे अनेकांच्या मनात येते, जूनमध्ये रोपे आणून लावलीही जातात, आणि पुढच्या मे महिन्यात तिथे खड्डे व वाळलेल्या काठ्या तेवढ्या उरतात. आमच्या वसाहतीतील दहा गुंठ्यांच्या जागेवर पहिल्या वर्षी हेच झाले. आम्ही ८० रोपे लावली होती. दुसरा पावसाळा त्यांपैकी १९ रोपांनीच पाहिला. दुसऱ्या खेपेस आम्ही आधी कागद पाहिले, मग पाण्याची सोय केली आणि सर्वांत शेवटी रोपे आणली. पुढील मजकुरात तोच क्रम ठेवला आहे, कारण रोपे लावणे हे या कामातील सर्वांत सोपे व सर्वांत शेवटचे पाऊल आहे, अशी माझी आता पक्की खात्री झाली आहे.

जागा कोणाची, हे आधी पाहावे

रिकामी दिसणारी जागा बेवारस नसते. तिचा मालक कोण आणि विकास आराखड्यात तिच्यासाठी काय ठरले आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढील सर्व निर्णय अवलंबून असतात, अगदी झाड लावावे की नुसते झुडूप, हासुद्धा. म्हणून प्रथम सिटी सर्व्हे क्रमांक किंवा गट क्रमांक शोधावा. सिटी सर्व्हे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक आणि बाकीच्या भागात सातबारा उतारा राज्य सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर पाहता येतो. अर्जासोबत जोडायला मात्र अधिकृत प्रत घ्यावी. त्यानंतर महापालिकेच्या नगररचना विभागाकडून त्या क्रमांकाचा झोन दाखला व भाग नकाशा मागवावा. मंजूर अभिन्यासाची, म्हणजे रोजच्या बोलण्यातील ले-आउटची, प्रत सहज मिळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत कायद्यातच आहे.

कागद हाती आल्यावर जागा साधारणपणे चारपैकी एका प्रकारात बसते. पहिला प्रकार अभिन्यासातील मोकळ्या जागेचा. ०.४० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा अभिन्यास करताना १० टक्के क्षेत्र सर्वांच्या वापरासाठी मोकळे सोडावे, अशी अट राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे, आणि तिच्या आधीच्या नियमांतही असे क्षेत्र सोडावे लागतच असे. शंभर गुंठ्यांच्या अभिन्यासात दहा गुंठे, असा हा सोपा हिशेब आहे. या जागेवर भूखंडधारकांचा वापराचा हक्क असतो, तरी उताऱ्यावर नाव संस्थेचे आहे, महापालिकेचे आहे की अजून मूळ जमीनमालकाचेच राहिले आहे, हे पाहूनच परवानगी कोणाकडे मागायची ते ठरते. बाग करण्यासाठी ही जागा सर्वांत योग्य, कारण तिथे मोठी झाडे निर्धास्तपणे लावता येतात.

दुसरा प्रकार आरक्षित पण अद्याप विकसित न झालेल्या भूखंडाचा. नाशिकचा सुधारित विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला नोटीस देण्याचा अधिकार मिळतो आणि ठरावीक मुदतीत पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होऊ शकते. या आराखड्यातील आरक्षणांची दहा वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतात. आपल्या शेजारच्या भूखंडावर उद्यानाचे आरक्षण असेल, तर नुसती झाडे लावत न बसता ती जमीन संपादित करावी अशी लेखी मागणी गटाने आत्ताच महापालिकेकडे करावी; बागेइतकेच ते पत्र महत्त्वाचे आहे.

तिसरा प्रकार खासगी भूखंडाचा. मालक बहुधा मुंबईत, पुण्यात किंवा परदेशात असतो. अशा मालकाला दोन गोष्टींची धास्ती असते: लोक जागेवर हक्क सांगतील, आणि झाडे मोठी झाली की ती तोडायला परवानगी मिळणार नाही. दुसरी धास्ती पूर्णपणे खरी आहे. शहरात झाड तोडायचे तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते झाड आपल्याच जागेत का असेना. म्हणून खासगी भूखंडावर झाडे लावूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे भाजीचे वाफे, शेवंती, झेंडू, तुळस, अडुळसा, कोरफड असे काही करावे आणि तीन किंवा पाच वर्षांचा लेखी करार करून भूखंड परत देण्याची तयारी ठेवावी. विश्वासाने दिलेली जागा वेळेवर परत केली, तर पुढचा मालक आपण होऊन विचारायला येतो.

चौथा प्रकार नदी-नाल्यांच्या काठाचा. नासर्डी, वाघाडी, वालदेवी आणि खुद्द गोदावरी यांच्या काठच्या मोकळ्या पट्ट्यांवर निळ्या व लाल पूररेषेचे, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणाऱ्या रेषांचे, निर्बंध आहेत. २००८ चा सप्टेंबर आणि २०१६ चा ऑगस्ट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पाणी कुठवर येते ते सांगावे लागत नाही; गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या भागापर्यंत पाणी चढले, यावरून पुराचे माप सांगणारे हे शहर आहे. अशा पट्ट्यात बाके, कारंजे, काँक्रीटचे पादचारी मार्ग करू नयेत. करंज, अर्जुन, उंबर, वाळुंज अशी पुराच्या पाण्यात तग धरणारी झाडे आणि गवत एवढेच तिथे पुरेसे आहे.

अर्ज आणि गट

महापालिकेची किंवा महापालिकेकडे वर्ग झालेली जागा असेल, तर आपल्या विभागीय कार्यालयात आणि उद्यान विभागात अर्ज द्यावा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. आमचा पहिला अर्ज हरवला होता आणि आमच्याकडे शिक्का नसल्याने आम्हाला चार महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. अर्जात जागेचा क्रमांक, क्षेत्र, सध्याची छायाचित्रे, लावायच्या झाडांची यादी, पाण्याचा स्रोत आणि देखभाल करणाऱ्या किमान सात व्यक्तींची नावे असावीत. शेवटी पुढील आशयाचे एक वाक्य आवर्जून लिहावे: ‘सदर जागेवर आम्ही मालकी, वहिवाट अथवा भाडेपट्ट्याचा कोणताही हक्क सांगणार नाही, तेथे कोणतेही पक्के बांधकाम करणार नाही व ती सर्व नागरिकांसाठी खुली ठेवू.’ अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनातील पहिली शंका या वाक्याने दूर होते.

सात नावे लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. पुढे देणग्या घ्यायच्या झाल्या, तर संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात त्या संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयातही नोंद करावी लागते. तथापि पहिल्या वर्षी नोंदणीच्या मागे लागू नये. गृहनिर्माण संस्था किंवा भूखंडधारकांचा संघ आधीपासून असेल, तर त्याच्या बँक खात्यातून व्यवहार करावा, वसाहतीच्या फलकावर दरमहा जमाखर्च लावावा आणि गट टिकतो आहे असे दिसले म्हणजे मग नोंदणीचा विचार करावा.

गटात बोलवायची माणसे ठरवताना त्या जागेचा आज कोण वापर करते, ते आधी पाहावे. संध्याकाळी क्रिकेट खेळणारी मुले, चैत्रात कुरडया व पापड वाळत घालणाऱ्या काकू, गणपतीत मांडव घालणारे मंडळ, कोपऱ्यावर हातगाडी लावणारे भाऊ, या सर्वांची ती जागा आधीपासून आहे. आराखडा कागदावर काढण्यापूर्वी एका रविवारी सर्वांना जागेवरच बोलवावे आणि चुन्याने रेषा मारून कोणाला किती जागा लागते ते जमिनीवरच पाहावे. आमच्याकडे मुलांनी स्वतःच खेळपट्टीची लांबी मोजून दिली, आणि मध्यभाग मोकळा ठेवून झाडे तीन बाजूंच्या कडेने लावायची असे ठरले. त्यानंतर एकही रोप चेंडूने मोडले नाही. उलट वासरे आत शिरली की पहिली हाक मुलांचीच येते.

जमीन

बांधकामाच्या शेजारची जागा वरून मातीची दिसते, पण एक फूट खणले की फरशीचे तुकडे, प्लास्टर, वाळलेले सिमेंट आणि गुटख्याच्या पुड्या लागतात. आमच्या एका खड्ड्यात दीड फुटावर काँक्रीट मिक्सरमधून ओतून दिलेला, टोपलीच्या आकाराचा घट्ट गोळा निघाला. पहिल्या वर्षी त्याच्यावरच लावलेला कडुनिंब का वाढत नाही, याची चर्चा आम्ही वर्षभर करीत होतो. म्हणून जागेच्या चार कोपऱ्यांत व मध्यभागी, असे पाच ठिकाणी तीन फुटांपर्यंत चाचणीचे खड्डे घ्यावेत. कुठे काळी माती, कुठे मुरूम आणि कुठे भराव आहे, याचा नकाशा वहीत काढावा. राडारोडा महापालिकेला कळवून रीतसर उचलून न्यावा. तो पुढच्या रिकाम्या भूखंडावर किंवा नाल्यात ढकलणे म्हणजे आपला त्रास दुसऱ्याच्या दारात नेणे होय. खणण्यापूर्वी जलवाहिनी, मलवाहिनी, वीजतारा आणि आता अनेक भागांत आलेली गॅसवाहिनी कुठून जाते, हे संबंधित कार्यालयांकडून जाणून घ्यावे.

गाजरगवताचा बंदोबस्त फुलोऱ्यापूर्वी करावा लागतो, कारण एकेका झाडाला हजारो बिया धरतात. हे तण गेल्या शतकाच्या पन्नाशीत पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि आता राज्यभर आहे. पाऊस पडून माती मऊ झाली की हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून ते मुळासकट उपटावे. ज्यांना दमा किंवा त्वचेची अ‍ॅलर्जी आहे त्यांना या कामाला लावू नये. मोकळ्या झालेल्या जागेत पावसाच्या तोंडावर टाकळ्याचे, म्हणजे तरोट्याचे, बी फेकावे. टाकळा दाट उगवतो आणि गाजरगवताला डोके वर काढू देत नाही. शिवाय त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते, ती वेगळीच. तणनाशक मारू नये, कारण याच जागेत मुले खेळणार आहेत.

खड्डे एप्रिल-मेमध्ये घेऊन उन्हात तापू द्यावेत. काळ्या मातीत दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा पुरतो; मुरमात किंवा भरावात तीन फुटांचाच घ्यावा, त्यात तडजोड करू नये. भरताना वरची चांगली माती, कुजलेले शेणखत व पालापाचोळा एकत्र करावा आणि वाळवीसाठी दोन ओंजळी निंबोळी पेंड घालावी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते, म्हणून पाणी जिरवण्याचे चर इमारतींच्या पायापासून आणि कुंपणभिंतीपासून किमान दहा-बारा फूट दूर ठेवावेत.

पाणी : कामाचा गाभा

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहा गुंठे म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. तेव्हा एका पावसाळ्यात तेवढ्याच जागेवर सुमारे ७ लाख लिटर पाणी पडते. आता झाडांची गरज पाहू. ४० झाडांना उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा प्रत्येकी २० लिटर पाणी दिले, तर आठवड्याला १,६०० लिटर लागतात, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंतच्या १८ आठवड्यांत २८,८०० लिटर. पडणाऱ्या पावसाचा हा सुमारे पंचविसावा हिस्सा आहे. तरीही झाडे पाण्यावाचून मरतात, याचे कारण पाऊस चार महिन्यांत वाहून जातो आणि नंतरचे आठ महिने कोणाच्या नावावर लिहिलेले नसतात.

म्हणून पावसाचे पाणी आधी जागेतच थांबवावे. उताराला आडवे, दोन फूट रुंद व दीड फूट खोल चर काढावेत, निघालेली माती उताराच्या बाजूला बांधासारखी रचावी आणि चरात पालापाचोळा भरावा. त्यामुळे डास होत नाहीत व ओलही टिकते. जागेत किंवा शेजारी बोअर असेल, तर लगतच्या इमारतीच्या गच्चीचे पाणी गाळणखड्ड्यातून त्यात सोडण्याबाबत त्या संस्थेशी बोलावे. २०० चौरस मीटरच्या गच्चीवरून, गळती व बाष्पीभवन वजा जाता, वर्षाला लाखभर लिटर पाणी मिळू शकते.

उन्हाळ्याच्या पाण्यासाठी नळाच्या पिण्याच्या पाण्यावर अवलंबून राहू नये; गंगापूर धरणातील साठा कमी झाला आणि पाणीकपात लागली की पहिली गदा बागेवर येते, आणि ते योग्यही आहे. बोअर, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा टँकर, किंवा दोन्हींचा मेळ हाच टिकाऊ मार्ग आहे. ५,००० लिटरचा टँकर धरला, तर वर काढलेली उन्हाळ्याची गरज सहा टँकरांत भागते. हा आकडा सभेत फळ्यावर लिहून दाखवावा. सहा टँकरांची जबाबदारी सहा कुटुंबांनी लग्नाचा वाढदिवस, बारसे किंवा आई-वडिलांचे स्मरण या निमित्ताने घेतली, की वर्षभराची चिंता मिटते.

पाणी देण्यासाठी ठिबक करावे, आणि याबाबतीत नाशिककरांसारखी सोय इतर कुणाला क्वचितच असेल. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव भागातील एखादी जुनी द्राक्षबाग मोडली जाते तेव्हा सोळा मिलिमीटरच्या लॅटरल (ठिबकच्या नळ्या), जोडण्या, फिल्टर आणि मांडवाचे लोखंडी अँगल कमी किमतीत मिळतात. वसाहतीत कोणाचे ना कोणाचे मामा किंवा सासरे द्राक्षबागायतदार असतातच, त्यांना विचारावे. अँगल कुंपणाला उपयोगी पडतात. ४ लिटर प्रतितास क्षमतेचे दोन ड्रिपर प्रत्येक झाडाला दिले, तर अडीच तासांत २० लिटर पाणी पडते आणि ४० झाडांना मिळून एका पाळीला ८०० लिटर लागतात, म्हणजे एक हजार लिटरची टाकी पुरते. टाकी फक्त सहा-सात फूट उंचीवर असेल तर दाब कमी पडतो व शेवटच्या झाडांना पाणी पोहोचत नाही. अशा वेळी लहान मोटर बसवावी, किंवा ड्रिपरऐवजी साधी मायक्रोट्यूब लावून नळीच्या टोकाखाली डबा ठेवून किती वेळात किती पाणी पडते ते मोजावे. जुन्या ड्रिपरमध्ये क्षार साचलेले असतात, त्यामुळे बसवल्यानंतर प्रत्येक झाडापाशी जाऊन थेंब पडतो की नाही हे डोळ्यांनी पाहावे. टाकीला घट्ट झाकण हवे. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

ठिबक शक्य नसेल तिथे रोपाशेजारी मातीचे मडके पुरावे. मडके कच्चे किंवा रंगवलेले नसावे; भाजलेले, साधे, पाझरणारे असावे. आठवड्यातून दोनदा ते भरून वर झाकणी ठेवली की मुळे ओलाव्याच्या दिशेने आपोआप वळतात. कोणतीही पद्धत घ्यावी, पण आळ्यात चार बोटे जाडीचे आच्छादन हवेच: उसाचे पाचट, वाळलेले गवत, झाडांची पाने, जे मिळेल ते. मे महिन्यात दुपारी आच्छादन बाजूला करून मातीत बोट घालून पाहावे. उघड्या मातीत बोट भाजते, आच्छादनाखाली ते गार लागते. एकदा हे ज्याने स्वतः पाहिले, तो पालापाचोळा कधी जाळत नाही.

कोणती झाडे, कधी आणि किती

लागवडीचा समारंभ ५ जूनला करण्याचा मोह टाळावा. नाशिकला त्या दिवशी जमीन बहुधा कोरडीच असते. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर खोल भिजल्यावर, म्हणजे आर्द्रा आणि पुनर्वसू नक्षत्रांत, साधारण जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत रोपे लावावीत. रोप तीन ते पाच फूट उंचीचे, जाड खोडाचे घ्यावे. पिशवीत मुळे गोल गुंडाळलेली असतील तर ते परत करावे. सामाजिक वनीकरण व वन विभागाच्या रोपवाटिकांत देशी झाडे मिळतात, मात्र मागणी मार्च-एप्रिलमध्येच नोंदवावी.

आपल्याकडील पानझडी जंगलातील झाडेच निवडावीत. सावलीसाठी कडुनिंब, करंज, शिरीष, वावळ. फुलांसाठी बहावा, ताम्हण, पांगारा, कांचन, पळस, काटेसावर. फळांसाठी जांभूळ, आवळा, भोकर, बेल. दसऱ्याची आठवण म्हणून आपटा आणि शमी. वड, पिंपळ व उंबर एखादाच, आणि तोही भिंती व गटारांपासून किमान चाळीस फूट लांब. महावितरणच्या तारांखाली पारिजातक, कुडा, निरगुडी, मुरुडशेंग यांपलीकडे जाऊ नये. काटेसावर व बेल काटेरी असल्याने खेळण्याच्या जागेपासून दूर लावावेत. गुलमोहर, रेन ट्री, सुबाभूळ आणि हल्ली रस्तोरस्ती दिसणारा कोनोकार्पस वाढतात झपाट्याने, परंतु येथील पक्षी व फुलपाखरांना देशी झाडांइतका त्यांचा आधार नसतो. गुलमोहर तर वादळात सर्वांत आधी कोसळतो. वसाहतीत निवड करण्यापूर्वी सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावरील नाशिक देवराई पाहून यावी. २०१५ पासून तिथे नागरिकांनी हजारो देशी झाडे उजाड उतारावर वाढवली आहेत. कोणते झाड मुरमात किती वर्षांत किती वाढते, याचे उत्तर तिथे उभे आहे.

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या घनवन पद्धतीबद्दल प्रत्येक सभेत कोणीतरी विचारतेच. त्यात चौरस मीटरला तीन-चार रोपे लावतात. मोठ्या, एका बाजूच्या जागेसाठी ती पद्धत चांगली असेल, पण इमारतींनी वेढलेल्या दहा गुंठ्यांसाठी मी ती सुचवणार नाही. एक तर चाळीस झाडांऐवजी तीन हजार रोपांच्या पाण्याची तजवीज करावी लागते. दुसरे, आरपार न दिसणाऱ्या झाडीत संध्याकाळनंतर स्त्रिया व मुले जायला धजत नाहीत. आणि तिसरे, नाशिकमध्ये बिबट्या अधूनमधून वस्तीत शिरतो. दाट झुडपे, शेजारी उकिरडा व त्यावर जमणारी कुत्री आणि डुकरे अशी जागा त्याला लपायला सोयीची होते. झाडांचे खोड सहा फुटांपर्यंत मोकळे, झुडपे गुडघ्याएवढी आणि कचरा अजिबात नाही, एवढे सांभाळले की जागा सुरक्षित राहते. साप दिसल्यास काठी उचलू नये. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

खत आणि पैसा

सहा फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट खोल असा एक खड्डा, किंवा जाळीचे दोन चौकोनी हौद, पालापाचोळ्यासाठी ठेवावेत. फूटभर पाने, वर शेणकाला, वर थोडी माती असे थर द्यावेत आणि ओल राखावी. पाच-सहा महिन्यांत खत तयार होते. घरातील ओला कचरा मात्र रोज देखरेख करणारे माणूस असेल तरच इथे घ्यावा, अन्यथा तो घंटागाडीतच जाऊ द्यावा. महिन्यातून एकदा जीवामृत द्यावे: २०० लिटर पाण्यात १० किलो ताजे शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन व मूठभर बांधावरची माती घालून सावलीत ठेवावे, दिवसातून दोनदा ढवळावे आणि दोन-तीन दिवसांनी वापरावे.

पैशाबाबत एकच आग्रह आहे. जमलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतील साठ रुपये दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या पाण्यासाठी आणि माळीदादांच्या मजुरीसाठी वेगळे ठेवावेत. कमान, फलक, रंगीत फरशा आणि सेल्फी पॉइंट यांवर पहिल्याच वर्षी खर्च झाला की उन्हाळ्यात टँकरला पैसे उरत नाहीत. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील कंपन्यांकडून सामाजिक दायित्व निधी मागता येतो. त्यासाठी संस्थेची नोंदणी व सीएसआर-१ क्रमांक, म्हणजे असा निधी घेण्यासाठीचा नोंदणी क्रमांक, लागतो, आणि कंपनीने केवळ रोपांचे नव्हे, तर तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे द्यावेत असे पत्रातच लिहावे.

तीन उन्हाळे

प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा आणि एक जाड, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही ठेवावी. आमच्या वहीत सेवानिवृत्त शिक्षक असलेले एक आजोबा मंगळवारी व शनिवारी सकाळी सातला नोंद करतात: ‘क्र. १७, बहावा, ड्रिपर बंद होता, साफ केला. क्र. २३, आपटा, शेळीने शेंडा खाल्ला, खाली फूट आहे.’ सभेत कोण किती कळकळीने बोलले त्यापेक्षा या ओळींवरून बाग कशी चालली आहे ते कळते. पाणी द्यायच्या दोन पाळ्या आणि त्यांची माणसे मकरसंक्रांतीच्या आत ठरवावीत. सुट्टीत गावी जाणाऱ्याने आपला बदली माणूस वहीत लिहूनच निघावे, कारण बहुतेक रोपे शाळांना सुट्ट्या लागल्यानंतरच्या पंधरा दिवसांतच जातात.

पहिल्या उन्हाळ्यात पाणी आठवड्यातून दोनदा, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पण दीडपट, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी द्यावे. ड्रिपर दरवर्षी खोडापासून हातभर दूर सरकवत न्यावेत, म्हणजे मुळे पसरतात. पहिल्या हिवाळ्यात पहाटे पारा एक अंकी आकड्यावर येतो तेव्हा जांभूळ, ताम्हण यांच्या कोवळ्या रोपांभोवती गोणपाट लावावे आणि आदल्या संध्याकाळी पाणी द्यावे. मेलेल्या रोपाची जागा पुढच्या जुलैत त्याच क्रमांकाने भरावी, परंतु एकाच खड्ड्यात दोनदा रोप गेले असेल तर तिथे तिसरे लावण्यापूर्वी तळापर्यंत खणून पाहावे.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर कडुनिंब, करंज, शिरीष यांचे पाणी पूर्ण थांबवता येते. त्या वेळी लॅटरल गुंडाळून ठेवू नयेत. त्या नव्या लावलेल्या झुडपांकडे वळवाव्यात, वहीत तशी नोंद करावी आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला जगलेल्या झाडांची जातवार संख्या लेखी कळवावी. त्या पत्राच्या प्रतीवरही आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा.